ताईच्या खाटेच्या उंचीची गाडी

मरोदा, भिलाई
रामनवमीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप सिंधुताई,

तुह्या लहान्या भावाचा, म्हणजे हेमराजचा, दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही हात मोकळे आहेत. सध्या एकही स्टिअरिंगवर नाही, तवा घाबरू नोको.) गुडघे कसे आहेत? तेल लावून राहिली का, का बाटली देव्हाऱ्यात ठेवून नुसतीच पाहून राहिली? बीपीची गोळी शेजारची टीना आठवणीनं देते ना? इकडे आमी सारे खुशाल आहो. आपल्या पोरीचं, भूमिकेचं लग्न तोंडावर आलं, घरात पाय ठेवाले जागा नाही, सोफ्यावर साड्या आणि साड्यांवर पत्रिका. तुही भावजय कलावतीही बरी आहे. (तिचं नाव वाचून पत्र खाली ठेवू नोको. पुढं तिच्याबद्दल लय आहे, पण शेवटपर्यंत वाच, माही शप्पथ आहे.)

तू म्हणशीन, फोन असताना पत्र कावून? तर ताई, फोनवर तू बोलाले लागली की दुसऱ्याले बोलाले जागा रायत नाही, आणि इकडे कलावती भाजी निवडत बाजूलेच बसून रायते. मले जे सांगायचं आहे ते तिच्यासमोर सांगण्यासारखं नाही. म्हणून आज केवलरामच्या ओसरीत बसून लिहून राहिलो. केवलराम तुले आठवत असन. पोलाद कारखान्याच्या प्लेट मिलमध्ये मी वर क्रेनच्या केबिनमध्ये बसायचो आणि हा खलासी खालून हातानं इशारे करायचा. त्यानं हात हलवला की मी माल हलवायचो, त्यानं मूठ वळली की मी थांबायचो. दोघंही रिटायर झालो पण जोडी काही फुटली नाही, आणि पुढचा सारा घोटाळा त्यातूनच झाला.

आता मूळ गोष्ट. भूमिकेचं पक्कं झालं तवा तू फोनवर काय म्हणली ते तुले आठवत नसन, मले पाठ आहे. रेल्वेनं येणार नाही, पुलाच्या पायऱ्या चढवत नाहीत. भाड्याच्या गाडीत अनोळखी ड्रायव्हरच्या भरवशावर बसणार नाही. आणि आजकालच्या त्या उंच गाड्यांत तर बिलकुल नाही, कारण मागं कोणाच्या तरी तेरवीले जाताना दोघा पोट्ट्यांनी तुले काखेत धरून वर चढवलं, ते तू आजपर्यंत विसरली नाही. घरची गाडी, घरचा माणूस चालवणारा, आणि पाय भुईवर ठेवून बसता येईन अशी सीट असन तर येते, नाहीतर मले फोटो पाठवा. आणि इकडे तुही लाडाची भाची म्हणते की पहिली हळद आत्याच्याच हातची, आत्या येत नसन तर हळद भिजवूच नोका. तिचे सारे उन्हाळे तुमसरले तुह्या घरी गेले ना, त्याचे हे परिणाम. तू तिकडे हटून बसली, ती इकडे तोंड पाडून बसली. लग्नघरात नवरीचं असं तोंड मले पाहवत नव्हतं ताई, खरंच सांगतो. म्हणून ठरवलं, गाडी घ्यायची.

भाऊजींच्या वर्षश्राद्धाले मी आलो होतो तवा तू दुपारी झोपली असताना मी तुह्या खाटेजवळ ओणवा होऊन काहीतरी करत होतो, आणि टीनानं पाहून तुले सांगतलं होतं, मामा खाटेखाली काय शोधून राहिले म्हणून. काही शोधत नव्हतो. सुतळीनं खाटेची उंची मोजत होतो. त्या वक्ती मनात एवढंच होतं की तुले एक चांगली खुर्ची करून पाठवावी. खुर्ची काही झाली नाही (सुताराचं आणि माहं भांडण झालं, ते राहू दे), पण सुतळी खिशात राहिली होती ती कामी आली. ती घेऊन मी गाड्या पाहत फिरलो. आजकाल जो तो उंच गाडी घेते, जणू घरी जायचा रस्ता नदीतूनच आहे. शोरूममधल्या पोट्ट्यांसमोर मी सुतळी काढली की ते एकमेकांकडे पाहाले लागायचे. शेवटी पद्मनाभपुरले एक रिटायर्ड साहेब, श्यामराव, त्यायची जुनी पण लाडानं ठेवलेली सेडान विकून राहिले असं समजलं. लांबलचक, चंदेरी, अंगणात आडवी पडलेली. मी नमस्कार केला, मागचं दार उघडलं, सुतळी भुईपासून सीटपर्यंत लावली. बरोबर! बोटाचाही फरक नाही. श्यामरावांले वाटलं मी वास्तूवाला आहो. इंजिन ऐकून घ्या म्हणे, टायर पाहा म्हणे. मी म्हटलं, साहेब, माही ताई बसली की झालं, बाकी तुमचं तुमी पाहा. असं गिऱ्हाईक त्यायले जिंदगीत भेटलं नसन.

गाडीबद्दल मात्र मी एक शब्द वावगा ऐकून घेणार नाही. मागं तिघं बसून मधात डबा उघडून जेवता येते एवढी जागा. डिक्कीत भूमिकेच्या रुखवताची सारी भांडी एका फेरीत आली, वर केवलरामची सायकल मागं अर्धी बाहेर काढून बसली. एसी असा की मरोद्याच्या उन्हात कलावतीनं शाल मागितली. चालताना आवाज नाही, धक्का नाही, चहाचा कप हातात धरून बसावं. खोट एकच, पोट खाली. आपल्या टाऊनशिपच्या रस्त्यांवर स्पीडब्रेकर म्हणजे काय ते तुले माहीत नाही. बनवणाऱ्यानं जीव ओतून बनवले आहेत. प्रत्येक ब्रेकरवर गाडी खालून कण्हते. म्हणून सुरुवातीले मी ब्रेकर आला की सगळ्यांले उतरवायचो, वजन कमी करायचो, आणि पलीकडे जाऊन पुन्हा भरून घ्यायचो. दोन ब्रेकरनंतर कलावती पुन्हा बसलीच नाही. पायीच घरी आली, आणि आमच्या आधी आली.

आता तू म्हणशीन, गाडी एवढी चांगली तर घोटाळा कुठं झाला? घोटाळा माह्यात होता. लायसन माह्याजवळ जुनं आहे, फक्त गाडी नव्हती. मले वाटलं, जिंदगीभर पन्नास टनाची क्रेन चालवली, ही तर हातची गोष्ट. पण ताई, क्रेन आणि गाडी यात फरक आहे. क्रेन सरळ जाते आणि वाटलं तर आडवीही सरकते. गाडी आडवी सरकत नाही! दुकानासमोर दोन गाड्यांच्या मधात जागा दिसली की मी बरोबर तिच्या बाजूले नेऊन उभा राहायचो आणि मग माह्या ध्यानात यायचं की आता हिले उचलल्याशिवाय आत टाकता येत नाही. दुसरं, क्रेनमध्ये मी वर असतो, सारं खाली दिसते. इथं स्वतःच्याच गाडीचं नाक दिसत नाही. तिसरं, क्रेन हलवायच्या आधी घंटी वाजवायची असा नियम. तर मी गाडी हलवायच्या आधी दर वेळी हॉर्न वाजवायचो, म्हणजे सकाळी फाटकातून निघेपर्यंत सारी गल्ली जागी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खालून इशारा आल्याशिवाय माहा हात हलतच नाही. ही सवय माह्या हाडात बसली आहे. सुपेल्याच्या चौकात हिरवा दिवा लागला, मागं साऱ्यांनी भोंगे वाजवले, आणि मी आपला स्टिअरिंग धरून शांत बसलो, कोणीतरी हात दाखवन याची वाट पाहत. हिरव्याचा लाल झाला, लालचा पुन्हा हिरवा झाला. एका ऑटोवाल्यानं खिडकीत तोंड घालून माही चौकशी केली, ती तुले लिहिण्यासारखी नाही.

फाटकाचा किस्सा तुह्या कानावर आला असन. क्रेनले शेवटच्या टोकाशी एक खटका असते. चालवणारा विसरला तरी खटका लागते आणि क्रेन आपोआप थांबते. त्यावर मी नोकरी काढली. फाटक मी स्वतः बांधलं होतं, स्कूटरच्या हिशेबानं, मग गाडीसाठी ते रुंद केलं. आत घेताना खांब जवळ येऊन राहिला होता, मले दिसत होता, पण मनातून कुठंतरी वाटून राहिलं होतं की आता खटका लागन. खटका लागला नाही. खांब लागला. फार काही नाही, थोडा वाकला.

मग मी केवलरामले बोलावलं. जुनी जोडी. त्यानं गाडीसमोर उभं राहून इशारे करायचे, आणि मी त्याच्या हाताकडे पाहून चालवायची. काय सांगू, पहिल्याच दिवशी गाडी लोण्यासारखी चालली! मरोद्यापासून थेट सुपेल्यापर्यंत गेलो. फक्त एवढंच की केवलराम समोर उलट्या पायानं चालत होता. कधी हात वर, कधी मूठ, कधी जुन्या सवयीनं ओरडून 'आरिया, आरिया', म्हणजे हळू खाली घे, जे गाडीले लागू नाही पण मले बरं वाटायचं. मागं हीऽ लांब रांग लागली. बाजारातल्या लोकांले वाटलं कोणाची तरी मिरवणूक आहे. बायका दुकानातून बाहेर आल्या, एकीनं गाडीत बसलेल्या भूमिकेकडे पाहून हात जोडले. एका बँडवाल्यानं तर धावत येऊन खिडकीतून आपलं कार्ड देलं आणि म्हणे, अंकल, बारात बिना बाजे के अच्छी नहीं लगती. भूमिका ओढणीत तोंड खुपसून मागच्या सीटवर आडवी झाली. घरी आल्यावर म्हणाली, बाबा, आत्याले आणायले केवलराम काका तुमसरपर्यंत चालत जातीन का?

त्या दिवसानंतर गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली. वरून पाखरं आपलं काम करायची, मी रोज सकाळी पुसायचो आणि चाबी पुन्हा खुंटीवर अडकवायचो. लोकांले सांगायचो, पेट्रोल महाग झालं. खरं सांगू का ताई? मले भेव लागून राहिलं होतं. खांबाचं नाही, लोकांच्या हसण्याचंही नाही. तुमसरच्या वाटेवर, देवरीच्या घाटात तू मागं बसली आहे आणि समोरून ट्रक येऊन राहिला आहे आणि मी कोणाच्या तरी हाताची वाट पाहत बसलो आहो, असं मले डोळे मिटले की दिसायचं. गाडी तुह्या मापाची आणली आणि चालवणारा मात्र तुह्या मापाचा नाही, हे मी कोणाले सांगायचं? लग्न जवळ येऊन राहिलं होतं आणि भूमिका हळदीचं नाव काढत नव्हती.

मग मागच्या आठवड्यात, सकाळी चहा घेऊन बाहेर आलो, तर गाडी गायब! कडुनिंबाखाली फक्त तेलाचा डाग आणि पाखरांचं काम. घरात ओरडलो तर कलावती नाही, ती सकाळी भजन मंडळात जाते. केवलरामले स्कूटरवर मागं घेतलं आणि ठाण्यात रिपोर्ट द्यायले निघालो. पण एक गोष्ट लिहितो, हसू नोको. ठाण्याकडे स्कूटर दामटून राहिलो होतो, तरी आत कुठंतरी हलकं वाटून राहिलं होतं की चला, गाडीच गेली, आता कोणी म्हणणार नाही हेमराजले चालवता येत नाही. माणूस कसा असते पाह्य.

सुपेल्याच्या चौकात लाल दिव्याले थांबलो, आणि समोरून, पुलाखालून, आपली चंदेरी गाडी वळण घेऊन आली. इंडिकेटर देलेला. वेग असा की ना कमी ना जास्त. चोर चष्मा लावून होता. चोरानं आमच्या घरचा निळा पदर खांद्यावर घट्ट खोचला होता. केवलराम मागून म्हणे, भाऊ, ह्या तं वहिनी होय! कलावतीनं आमच्याकडे पाहिलं, एक छोटासा हॉर्न देला आणि निघून गेली. मागच्या सीटवर फुलकोबीचं पोतं. मी हिरवा दिवा लागला तरी तिथंच उभा. (या वेळी सवयीनं नाही.)

घरी आल्यावर साऱ्या गोष्टी बाहेर निघाल्या. भजन मंडळ म्हणजे ड्रायव्हिंग स्कूल. तिथं एक बाई शिकवतात, गाडी घेतली तवापासून ही त्यायच्या जवळ शिकून राहिली, पक्कं लायसनसुद्धा काढून ठेवलं. स्पीडब्रेकरवरून ही गाडी तिरपी, एक एक चाक करून उतरवते, पोट लागतच नाही. फाटकातून उलटी आत घेते, एका झटक्यात. परवा आमाले सगळ्यांले डोंगरगढले घेऊन गेली आणि आणलं. ट्रक आले, बैलं आली, राजनांदगावले एक लग्नाची वरात आडवी आली, पण बाईच्या कपाळाले आठी नाही. मी बाजूले बसून हातानं इशारे करून राहिलो होतो तर म्हणते, हात मांडीखाली ठेवा. ठेवले. आणि ताई, हात मांडीखाली ठेवून मी रिटायर झाल्यानंतर पहिल्यांदा एवढा शांत बसलो की बिनघोर झोप लागली. काय सुटलो म्हणून सांगू! गंगा न्हाल्यासारखं वाटून राहिलं आहे. आता कोणी मले चाबी देली तरी हातात घेणार नाही.

मी तिले विचारलं, शिकली कावून? सांगतलं असतं तर मी नाही थोडीच म्हटलं असतं. तर मान वर न करता म्हणते, भूमिकेची हळद अडून राहीन ना. एवढंच.

असो. लग्नाची बाकी तयारी ठीक आहे, आचारी ठरला, मांडव ठरला. तुह्यासाठी खालच्या खोलीत खाट टाकली आहे, न्हाणीघर जवळ आहे. आपली तब्येत जप, उन्हात बाहेर निघू नोको. पत्राच्या शेवटी तुह्या पाया पडतो आणि लेखणी ठेवतो.

तुहा लहाना,
हेमराज

ता. क. मुद्द्याची गोष्ट राहूनच गेली. गाडी तुह्या दारात येईन, पण चालवणार कलावती. आणि ती म्हणते, ताईनं स्वतः बोलावल्याशिवाय मी त्यायच्या दारात गाडी नेणार नाही. तुमचं दोघींचं मले माहीत आहे. भूमिकेच्या बारशाले कलावतीच्या हातून बासुंदीचं पातेलं सांडलं, तू साऱ्या बायकांसमोर म्हणली, हिच्या हाती काही देऊ नोका गा, आणि तवापासून तुमी एका खोलीत बसून माह्याच तोंडानं बोलता. ती मले म्हणते, ताईले विचारा चहा घेतीन का. तू मले म्हणते, तिले सांग साखर कमी टाक. भूमिका एवढी मोठी झाली, मी अजून निरोपच पोचवून राहिलो. तर ताई, माफी-बिफी काही मागू नोको, तुह्याकडून ते होणार नाही हे मले माहीत आहे. फक्त तिच्या फोनवर एक फोन कर आणि एवढंच म्हण, "कलावती, मले घ्यायले ये." तुही भाची हळदीले बसते का नाही, ते आता तुह्या ह्या एका वाक्यावर आहे.

ता. क. दुसरं. बसायचं मी ठरवलं आहे. कलावती चालवन, मी बाजूले, तू मागं एकटी. म्हणजे कोणाले कोणाशी बोलायची गरज पडणार नाही, आणि काही लागलंच तर मी आहोच मधात. हे पत्र वाचून झालं की चुलीत टाक. कलावतीच्या हाती लागलं तर माही धडगत नाही.

ता. क. तिसरं. (अक्षर वेगळं आहे, मी कलावती.) ताईंले नमस्कार. यायनं हे पत्र पोस्टात टाकायले माह्याच जवळ देलं, कारण पोस्ट दूर आहे आणि गाडी मी चालवते. पाकीट चिकटवलं नव्हतं. वाचलं. खांब वाकला नाही, पडला. आणि एक नाही, दोन पडले. फोन करायची तकलीफ घेऊ नोका, तुमाले नंबर लावता येत नाही हे मले माहीत आहे. बुधवारी पहाटे निघते, नऊपर्यंत तुमच्या दारात येते. औषधांची पिशवी आणि भूमिकेसाठी ठेवलेली ती हिरवी साडी बाहेर काढून ठेवा. बसायचं मात्र यायनं ठरवलं तसं नाही. तुमी समोर, माह्या बाजूले. हे मागं बसतीन आणि मधात बोलणार नाहीत.